एस. म्हणजे शेख : ‘प्रभात’चे साहेबमामा फत्तेलाल

‘प्रभात फिल्म कंपनी’चे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तुतारी फुंकणारी ती स्त्री उभी राहते आणि तिच्या पाठोपाठ व्ही. शांताराम. जरा जाणकार असेल तर तो ‘दामले-फत्तेलाल’ अशी जोडीही सांगतो. ‘संत तुकाराम’ त्यांनीच दिग्दर्शित केला, हेही त्याला ठाऊक असते. पण या जोडीतले फत्तेलाल कोण, कुठले, असे विचारले की तो अडखळतो. कुणी त्यांना गुजराती समजतो, कुणी उत्तर भारतीय. पुस्तकांतून त्यांचे नाव बहुतेक ‘एस. फत्तेलाल’ असेच छापलेले असते. त्या एस.च्या मागे ‘शेख’ आहे, हे सांगितले तर समोरचा क्षणभर थांबतो. ज्या चित्रपटाने तुकोबांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, तो कागलच्या एका मराठी मुसलमानाने आपल्या ब्राह्मण मित्राच्या बरोबरीने घडवला, ही गोष्ट एका आद्याक्षरात दडून बसली आहे.

ही गोष्ट सांगितली की ती ऐकणारे दोन तऱ्हांनी वागतात. काही जण ‘असेल, पण त्याचे काय?’ म्हणून पुढे जातात. काही जण लगेच फत्तेलालांना व्यासपीठावर उभे करून त्यांच्या गळ्यात राष्ट्रीय एकात्मतेचा हार घालतात. आमच्या मते या दोन्ही तऱ्हांत फत्तेलाल नावाचा कलावंत हरवतो. पहिल्या तऱ्हेत त्याचे नाव जाते, दुसऱ्या तऱ्हेत त्याचे काम. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० साली सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून जे सांगत आली, ते हेच की आम्ही मराठीत पाहुणे नाही. पाहुणा नसलेल्या माणसाच्या कामाची चिकित्सा करायची असते. म्हणून फत्तेलालांचे आयुष्य आणि त्यांचे चित्रपट आम्ही येथे समीक्षेच्या नजरेने पाहणार आहोत. त्यांचे मोठेपण कशात होते आणि त्यांच्या हातून काय राहून गेले, हे दोन्ही पाहायला हवे.

कागल ते पुणे

फत्तेलालांचा जन्म १८८६ सालचा, कोल्हापूरजवळच्या कागलचा. राजर्षी शाहू महाराजांचे घाटगे घराणेही याच कागलचे. ते कोल्हापूर आजच्या वाचकाने नीट डोळ्यांपुढे आणले पाहिजे. दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे होते. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग उभे केले होते. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगत होते, तालमीत कुस्त्या चालत होत्या, आणि हाताने काम करणाऱ्या कारागिराला मान होता. मुसलमान कारागीर, मराठा पैलवान आणि ब्राह्मण लेखक एकाच पेठेत वावरत होते. त्यात कुणाला काही विशेष करतो आहोत असे वाटत नव्हते.

या वातावरणात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवत होते आणि त्याच वेळी सिनेमाच्या वेडाने झपाटले होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी हट्ट सोडला नाही. त्यांनी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच, आपल्या हातांनी बनवला. त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ला भांडवल मिळाले ते तानीबाई कागलकर या गायिकेकडून. या कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले, ही हकिकत प्रसिद्ध आहे.

बाबूरावांच्या हाताखाली जी मुले घडली त्यांत दोघांची जोडी जमली. एक पेणहून आलेले विष्णुपंत दामले, १८९२ चा जन्म, यंत्रावर हात बसलेला माणूस. दुसरे फत्तेलाल, रंग आणि रेषा यांत जन्मजात गती असलेले. तिथे खात्यांची वाटणी आजच्यासारखी नव्हती. पडदा रंगवणे, मूर्ती घडवणे, सेट उभारणे, कॅमेऱ्यामागे राहणे, फिल्म धुणे, हाताला येईल ते काम करायचे, अशी ती शाळा होती. १९२८ मध्ये दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पुढे ही जोडी दामल्यांच्या मृत्यूपर्यंत मोडली नाही.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सराफीतले सीताराम कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू केली. म्हणजे फत्तेलाल हे ‘प्रभात’चे नोकरदार कलादिग्दर्शक नव्हते, मालकांपैकी एक होते. नफ्या-तोट्यात, निर्णयात आणि जबाबदारीत त्यांचा वाटा होता. मराठी चित्रपटसृष्टीतल्या पहिल्या पिढीच्या निर्मात्यांत एक मराठी मुसलमान बरोबरीच्या नात्याने बसलेला होता, ही गोष्ट आपण फार क्वचित उच्चारतो.

‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट १९३२ मध्ये ‘प्रभात’ने दिला. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. तिथला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यातला देवीचा भव्य देखावा, अंगावर येणाऱ्या सावल्या, दगडाचा भास देणाऱ्या भिंती हे सगळे फत्तेलालांच्या कलाखात्याचे काम. ध्वनीची आणि यंत्राची बाजू दामल्यांची, दृश्याची बाजू फत्तेलालांची. स्टुडिओत दामले ‘दामलेमामा’ होते आणि फत्तेलाल ‘साहेबमामा’. शेकडो माणसांच्या कारखान्यात दोन मालकांना ‘मामा’ म्हटले जात होते, यावरून तिथली रीत कळते. आपल्याकडे चाचा, मामू म्हणतात, तसाच तो मामा. कुणी तो बळे लावला नव्हता.

हाताने बांधलेले देहू

फत्तेलालांची खरी परीक्षा ‘संत तुकाराम’मध्ये आहे. हा चित्रपट डिसेंबर १९३६ मध्ये आला. कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे, गीते शांताराम आठवले यांची, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, आवलीच्या भूमिकेत गौरी. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला आणि तिथे त्याची वाखाणणी झाली. आठवल्यांनी त्यात लिहिलेले एक गीत इतके तुकोबांच्या वळणाचे होते की कित्येकांनी ते खुद्द तुकोबांचाच अभंग मानले.

चमत्कार तर त्या काळच्या प्रत्येक संतपटात होते. मग हाच चित्रपट इतका टिकला का? आमचे उत्तर असे आहे की, या चित्रपटात चमत्कारापेक्षा घर मोठे आहे. तुकोबांचे घर पाहा. सारवलेली जमीन, काळवंडलेली चूल, दारातली म्हैस, पोरांचा गलका, रिकामा डबा. ही वस्तूंची यादी नाही, हा एका गरीब संसाराचा हिशेब आहे. पौराणिक चित्रपटांतले महाल कुणी पाहिलेले नसतात, त्यामुळे ते कसेही रंगवले तरी चालतात. पण शेतकऱ्याचे घर प्रत्येक प्रेक्षकाने पाहिलेले असते, आणि तिथे एक मडके चुकीच्या जागी असले तरी त्याच्या लक्षात येते. साहेबमामांनी ही अवघड वाट निवडली. भव्यतेत हातखंडा असलेला माणूस इथे मुद्दाम साधा झाला आहे.

मग त्या घरातली आवली पाहा. नवरा विठ्ठलाच्या नादात, घरात दाणा नाही, मूल तापाने फणफणलेले. ती बाई पोराला घेऊन थेट देवळात जाते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारते. मराठी पडद्यावर देवाला इतक्या रोखठोकपणे क्वचितच कुणी विचारले असेल. गौरी ही काही नामांकित नटी नव्हती. ‘प्रभात’मध्ये ती किरकोळ कामांतून वर आलेली बाई. तिच्या बोलण्यात, चालण्यात, हात उगारण्यात कुठेही नाटकीपणा नाही. तुकोबा आकाशाकडे पाहतो आणि ती चुलीकडे. चित्रपट दोघांपैकी कुणालाही खोटे ठरवत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती मागे राहते, कारण तिला पोरे आहेत, घर आहे. भक्तीची किंमत घरातली बाई कशी मोजते, हे दामले-फत्तेलालांना दिसले होते.

आमच्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवाजी महाराज कीर्तनाला आले असताना शत्रूचे सैन्य त्यांना धरायला येते, हा प्रसंग चित्रपटात आहे. हा प्रसंग सांगताना शत्रूच्या धर्मावर बोट ठेवणे आणि टाळ्या मिळवणे सोपे होते, पुढे कितीतरी चित्रपटांनी तेच केले. इथे मात्र कथेचा राग वळतो तो सालोमालोवर. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा, त्यांच्या वैभवावर जळणारा, आणि शेवटी शत्रूला खबर देणारा हा माणूस गावातलाच, विठ्ठलाच्या देवळातलाच आहे. संकट बाहेरून आलेले दिसले तरी त्याला दार आतून उघडून दिले जाते. ही कथानकाची रचना वाशीकरांची असेल, पण तिला पडद्यावर जो तोल मिळाला तो दिग्दर्शकांचा. हा तोल राखणाऱ्या दोघांत एक ब्राह्मण होता आणि एक मुसलमान, हे आम्ही पुरावा म्हणून मांडत नाही. पण ते विसरावे असेही नाही.

सालोमालोच्या गाण्यातही एक शहाणपण आहे. तोच अभंग तुकोबा साधेपणाने म्हणतात आणि सालोमालो ताना-मुरक्यांनी सजवून म्हणतो. खरे आणि उसने यांतला फरक चित्रपट भाषणाने सांगत नाही, गळ्याने सांगतो. कलेवरची ही टीका कलावंतांनीच केली आहे.

मूर्ती घडवणारा हात

इथे एक नाजूक प्रश्न येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. चित्र, मूर्ती, गाणे आणि सिनेमा यांविषयी आपल्या समाजात एक संकोच आहे. धर्माचा आधार देऊन तो मांडला जातो. फत्तेलाल तर देऊळ आणि मूर्ती पडद्यावर उभ्या करणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. ‘मुसलमान असून?’ हा प्रश्न आपल्यातले काही विचारतात. आणि ‘मुसलमान असूनही!’ हा उद्गार पलीकडचे काढतात. एकात आरोप आहे, दुसऱ्यात कौतुक आहे, पण ‘असून’ दोन्हींत सारखेच आहे. दोघांनाही माणूस आधी मुसलमान दिसतो आणि मग कारागीर.

इतिहास वेगळे सांगतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहितात आणि वारकरी परंपरा त्यांना आपले मानते. आमच्या काळात डॉ. यू. म. पठाण यांनी संतसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घातले आणि १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा डफ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गर्जला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगावची पालखी पंढरीला निघते आणि होळीच्या सुमारास सैलानी बाबांच्या यात्रेला सगळ्या जातिधर्मांची माणसे लोटतात. वडनेर भोलजीसारख्या गावात महामार्गाच्या कडेला उभे राहिले तर दोन्हीकडे जाणारी माणसे दिसतात, आणि पुष्कळदा ती तीच माणसे असतात. सिद्धान्ताच्या पुस्तकांत जे जमत नाही ते लोक वर्षानुवर्षे चालून जमवतात.

शिवाय ‘प्रभात’मध्ये फत्तेलाल एकटे नव्हते. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये ज्ञानेश्वर झाले ते शाहू मोडक, धर्माने ख्रिस्ती. १९४१ च्या ‘शेजारी’त मिर्झा झाले ते गजानन जागीरदार, आणि त्याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांनी केली. म्हणजे हिंदूने मुसलमान रंगवावा आणि मुसलमानाने हिंदू, हे तिथे जाणूनबुजून केले गेले. फाळणीच्या मागणीचे वारे वाहू लागले होते त्या वर्षांतली ही गोष्ट आहे.

त्यांच्या हातून काय राहिले

गौरव इथेच थांबवला तर ती समीक्षा होणार नाही. दामले-फत्तेलालांच्या संतपटांना मर्यादा आहेत आणि त्या आज अधिक ठळक दिसतात.

पहिली मर्यादा चमत्काराची. इंद्रायणीतून वर येणाऱ्या वह्या, धान्याची रास, वैकुंठाचे विमान ही सगळी त्या काळातल्या तंत्राची कमाल आहे. पण तुकोबांचे बंड त्यात विरघळते. तुकोबांनी ज्या व्यवस्थेशी झुंज घेतली, ती चित्रपटात एका मत्सरी माणसाच्या दुष्टपणात आटोपते. रामेश्वर शास्त्रींचे मतपरिवर्तन होते आणि प्रश्न मिटतो. शूद्राला वेदार्थ सांगण्याचा अधिकार का नाही, हा तुकोबांचा खरा प्रश्न होता. तो प्रेक्षकाच्या डोळ्यांतल्या पाण्यात वाहून जातो. डॉ. आ. ह. साळुंखे यांनी ‘विद्रोही तुकाराम’ लिहून जो तुकोबा पुढे आणला, तो १९३६ च्या पडद्यावर नाही. पागनीसांचा तुकोबा सोशिक आहे, गोड आहे, त्याचा आवाज चढत नाही. गंमत अशी की चित्रपटातला विद्रोह आवलीकडे गेला आहे. जाब विचारते ती, तुकोबा नव्हे.

दुसरी मर्यादा पुनरावृत्तीची. ‘संत तुकाराम’ चालला, मग ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०), आणि राजा नेने यांच्या साथीने ‘संत सखू’ (१९४१). कारागिरी वाढत गेली, चालणारी भिंत अधिक सफाईने चालली, पण देहूच्या घरातला जिवंतपणा पुन्हा तितका साधला नाही. भव्यता परत आली आणि चूल मागे पडली. यशाचा साचा झाला की कलावंताचा हात आखडतो.

तिसरी मर्यादा आम्हाला सर्वांत जास्त बोचते. ज्या माणसाने कुणब्याचे घर इतक्या बारकाईने बांधले, त्याच्या स्टुडिओत मराठी मुसलमानाचे घर जवळपास उभेच राहिले नाही. ‘शेजारी’तला मिर्झा हा अपवाद, आणि तोही शांतारामांच्या चित्रपटातला. मिर्झा सद्‌गृहस्थ आहे, पण तो एका विचाराचा प्रतिनिधी म्हणून अधिक दिसतो. खेड्यातला मुलाणी, पिंजारी, अत्तार, बागवान, मोमीन ही महाराष्ट्राच्या मातीतली मुसलमान माणसे. ती घरात दखनी वळणाची बोलतात, बाजारात वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोलतात, बैलपोळ्याला बैल सजवतात आणि मोहरमला पंजे उचलतात. ती ‘प्रभात’च्या पडद्यावर नाहीत. हिंदी सिनेमाने मुसलमान दाखवला तो नवाब म्हणून, शायर म्हणून, कोठ्यावरच्या बाईचा आशिक म्हणून. त्याच्या अंगात शेरवानी आणि तोंडात लखनवी उर्दू. मराठी सिनेमाने तर त्याला बव्हंशी वगळलेच. जे घर फत्तेलालांनी लहानपणी कागलात पाहिले असेल, ते बांधायला त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता.

याबद्दल आम्ही त्यांच्यावर आरोप ठेवत नाही. चित्रपट हा धंदा होता, तिकिटे संतपटांची खपत होती, आणि त्या काळी मुस्लिम मराठी असा वाचक-प्रेक्षक स्वतःला त्या नावाने ओळखतही नव्हता. साहित्यातसुद्धा कोकणातल्या मुसलमानाचे गाव, त्यातले ताणेबाणे मराठीत यायला हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ मध्ये यावी लागली. पण कारणे समजली म्हणून उणीव भरून निघत नाही.

शेवटची वर्षे आणि उरलेली जमीन

शांताराम १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून गेले. जुलै १९४५ मध्ये दामले वारले. जोडीतला एक गेल्यावर दुसऱ्याचे काय होते, हे फत्तेलालांच्या पुढच्या वर्षांकडे पाहिले की कळते. कंपनी १९५३ मध्ये बंद पडली. १९५५ मध्ये त्यांनी ‘जगद्‌गुरु शंकराचार्य’ हा हिंदी चित्रपट एकट्याने दिग्दर्शित केला. शंकराचार्यांवरचा चित्रपट एका शेखाने करावा, याचे तेव्हा कुणी भांडवल केले नाही. आज केले असते, कौतुकाचे किंवा निषेधाचे. १९६४ मध्ये साहेबमामा गेले.

त्याच १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे तोवर शिल्लक राहिले होते. फत्तेलालांच्या ऐन उमेदीची दहा वर्षे अशी फिल्मच्या राखेबरोबर गेली. ‘प्रभात’च्या जागेवर मात्र १९६० पासून सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था उभी आहे. देशभरातली मुले तिथे येऊन सिनेमा शिकतात. ज्या मंचावर देहू बांधले गेले, त्या आवारात त्यांचे वर्ग भरतात. पुण्यातला प्रभात रस्ता तर रोज हजारो लोक तुडवतात. नाव उरले आहे, पण नावामागची माणसे धूसर झाली आहेत.

त्यांतही फत्तेलाल अधिक धूसर का झाले? एक कारण साधे आहे. शांताराम दीर्घायुषी होते, त्यांनी ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र सांगितले, आणि ‘प्रभात’चा इतिहास बहुतेकांनी त्यांच्या आवाजात ऐकला. फत्तेलाल हाताने बोलणारे होते. हाताने बोलणाऱ्यांचा इतिहास दुसऱ्यांना लिहावा लागतो. ते दुसरे कोण? चित्रपटाचे अभ्यासक त्यांना दामल्यांच्या जोडनावात ठेवतात. मराठी समाज एस.च्या मागे पाहत नाही. आणि आपला मुस्लिम समाज दिलीपकुमार, मेहबूब खान, नौशाद यांची नावे अभिमानाने घेतो, कारण ती हिंदी-उर्दूच्या झगमगाटातली आहेत. कागलचा, मराठीत जगलेला, मराठीत काम केलेला माणूस त्या यादीत येत नाही. जणू मराठी मुसलमान असणे हे अर्धवट मुसलमान असणे आहे! या गंडाची किंमत आपण फत्तेलालांसारख्या माणसांच्या विस्मृतीने मोजतो आहोत.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. फत्तेलालांना पुरावा म्हणून वापरू नये. ‘पाहा, आम्हीही तुकोबांवर चित्रपट काढला’ असे म्हणून कुणापुढे निष्ठेचा दाखला नाचवण्याची गरज नाही. दाखला मागणाऱ्याला कोणताच दाखला पुरत नाही. दामले काय, फत्तेलाल काय, तुकोबा त्यांच्या गावचे होते, भाषेतले होते, म्हणून त्यांनी तो चित्रपट केला. तो उत्तम झाला याचे कारण त्यांची धर्मसहिष्णुता हे नाही. त्यांना चूल कशी काळी पडते ते ठाऊक होते, आणि ती तशी दाखवण्याइतका त्यांचा हात प्रामाणिक होता, हे आहे. ‘संत तुकाराम’ आजही पाहायला मिळतो. आपल्या मुलांना तो दाखवावा, आणि दाखवताना चमत्कारांकडे कमी व आवलीच्या स्वयंपाकघराकडे जास्त लक्ष द्यायला सांगावे.

आणि जे घर साहेबमामांनी बांधले नाही, ते बांधायचे राहिलेच आहे. आज कॅमेरा कुणाच्याही खिशात आहे. वऱ्हाडातल्या कपाशीच्या रानात राबणारा मुसलमान शेतमजूर, आठवडी बाजारात बांगड्या भरणारी मनियार बाई, उर्दू शाळा की मराठी शाळा या प्रश्नापाशी थांबलेला बाप, हे सगळे अजून पडद्यावर यायचे आहे. ते आणताना शेरवानी नको, अत्तराचा फाया नको, आणि समोरच्याला खूश करणारा ‘भला मुसलमान’ही नको. फत्तेलालांकडून घ्यायची शिकवण एवढीच की मडके जिथे असते तिथेच ठेवावे. मग त्या घरात कोण राहते हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

— वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा